तुम्ही काय घेणार?

१९८६ सालचा फाल्गुन. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. ताईला बघायला मुरबाडकडची माणसं येणार होती, म्हणून बाबांनी मला आणि काकाला थंडाच्या बाटल्या आणायला किन्हवलीच्या नाक्यावर पिटाळलं. आमचं गाव नाक्यापासून सायकलने अर्ध्या तासावर. जाताना मी पुढच्या दांडीवर बसायचं आणि येताना बाटल्या कॅरिअरवर, मी सायकलच्या मागे पळत, असा बेत होता.

निघताना बाबांनी हिशेब सांगितला. "सहा थम्स अप, चार गोल्ड स्पॉट. थम्स अप पुरुषमाणसांना, गोल्ड स्पॉट बायकांना. उलटंपालटं नका करू."

वाटेत मी काकाला विचारलं, "बायकांना थम्स अप का नाय?"

"कडक असतं ते. नाकात जातं."

दुकानदाराकडे लाकडी पेटीत बर्फाची लादी, वर भुसा आणि ओलं गोणपाट. त्याने पाहुणे किती आणि त्यात बायका किती एवढंच विचारलं, आणि काळ्या-केशरी बाटल्या आपणहून मोजून दिल्या. कोणी काही शिकवलं नव्हतं, तरी बाबा, काका आणि दुकानदार तिघांनाही सारखंच माहीत होतं. मलाही त्या दिवशी ते माहीत झालं.

तसं बघितलं तर घरात हे आधीपासूनच होतं. सकाळचा चहा दोन भांड्यांत व्हायचा. एकात दूध पडायचं, तो बाबांचा, काकाचा आणि माझा. दुसऱ्यात कोरा, गुळाचा, तो आईचा, आजीचा. ताईला तोही अर्धा कप. म्हशीचं दूध नाक्यावरच्या हॉटेलात जायचं, उरेल ते पुरुषांना, हे एक कारण. दुसरं कारण आजी सांगायची. "पोरींनी चहा पिऊ नये, काळ्या पडतात. मग कोण करील?" मी ताईपेक्षा दोन छटा काळा होतो आणि दोन कप चहा प्यायचो. माझ्या रंगाची काळजी कोणाला वाटली नाही.

आषाढातल्या अवसेला तर हा भेद लख्ख दिसायचा. त्या दिवशी आई आणि ताई घरातले सगळे दिवे घासून पुसून पाटावर मांडायच्या, पिठाचे दिवे करायच्या. त्यांच्या लेखी ती दिव्याची अवस. बाबा आणि काकांच्या लेखी तीच गटारी. श्रावण लागायच्या आत कोंबडी कापायची आणि पुरुषांनी खळ्याच्या मागे, पेंढ्याच्या उडवीआड बसून प्यायची. कोंबडी साफ करायला, मसाला वाटायला आई. ताटं उचलायला ताई. दिवा आणि बाटली एकाच रात्री, एकाच घरात, मध्ये एक कुडाची भिंत. भिंतीच्या कुठल्या बाजूला कोण, हे जन्मतःच ठरलेलं.

त्या उडवीआडची बाटली यायची ती ठाकूरवाडीतून. आमच्या शेताच्या वरच्या अंगाला दहा-बारा घरांची वाडी होती. तिथल्या एका मावशीशी आजीचं मेतकूट. आजी तिला भात द्यायची, ती आजीला रानातली भाजी, करवंदं, मध. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं गळायला लागली की मावशी पहाटे अंधारात टोपली घेऊन झाडाखाली जायची. फूल रात्री गळतं, ते ऊन चढायच्या आत वेचायचं, नाहीतर गुरं आणि मुंग्या खातात. पिवळट, मऊ, गोड वासाचं फूल. वाळवलं की मनुकांसारखं दिसतं. ते भाजूनही खातात. आणि भिजवून, आंबवून, मडक्यात शिजवून त्याची वाफ थंड केली की दारू होते.

वाडीतल्या एका लग्नाला आजी मला घेऊन गेली होती. मांडवात नवरीची आई, आजी, आत्या सगळ्या पुरुषांबरोबर बसलेल्या. पहिला पेला वाडीतल्या म्हाताऱ्याला, दुसरा म्हातारीला. तिने बोट बुडवून जमिनीवर दोन थेंब सांडले, वाडवडिलांची नावं घेतली आणि मग प्यायली. कोणी तिच्याकडे बघून हसलं नाही, कोणी पदर तोंडाला लावला नाही. पुढे वाचनात आलं की वारल्यांच्या लग्नात तर लग्न लावणारीच बाई असते, धवलेरी. गाणी म्हणत ती लग्न लावते आणि तिला ताडीचा, दारूचा मान असतो. आमच्या कुणब्याच्या घरापासून दोन बांध ओलांडले की बाईच्या हातातल्या पेल्याचा अर्थच बदलायचा. ते बघत मी वाढलो. म्हणूनच पुढे जे झालं ते माझ्या तोंडून झालं.

ताईला बघायला यायच्या आधीचा पावसाळा. आवणी चालू होती. ताई दहावी होऊन घरी बसली होती, म्हणजे बसली नव्हती, शेतात वाकली होती. चार दिवस खाचरात गुडघाभर पाण्यात, डोक्यावर इरलं, तरी पाठ भिजलेली. पाचव्या रात्री तिला थंडी भरून आली. दात वाजत होते. दोन गोधड्या घातल्या, चुलीजवळ निजवलं, तरी थांबेना. शहापूरला न्यायचं तर वाटेतल्या ओढ्याला पाणी होतं आणि गाडी नव्हती. आजी पाऊस अंगावर घेत वाडीत गेली आणि मावशीकडून छोटी बाटली घेऊन आली. थोडी तिने ताईच्या तळपायांना, छातीला चोळली. अर्धा कप ताईच्या तोंडाला लावला. ताईने एका दमात तो घेतला आणि डोळे मिटले. सकाळी ती उठली ती भाकरी मागतच.

मला त्या अर्ध्या कपाचा फार अभिमान वाटला होता. बाबासुद्धा पिताना तोंड वाकडं करायचे. ताईने केलं नव्हतं.

फाल्गुनात ती माणसं आली. मुलगा, त्याचे वडील, काका, आणखी दोघं, आणि बायकांत आई, आत्या, वहिनी. पाणी झालं, पोहे झाले. ताईने साडी नेसून बश्या नेल्या. पोहे कोणी केले, मुलीनेच केले. नाव काय, शिक्षण किती, सुईत दोरा ओव, इथून तिथपर्यंत चाल. मग बाटल्या फोडल्या. मी काळ्या पुरुषांपुढे ठेवल्या, केशरी बायकांपुढे. एकही चूक केली नाही.

मुलाची आत्या पाणी टाकायला म्हणून मागच्या दारी आली. तिथे मी रिकाम्या बाटल्या मोजत बसलो होतो, दुकानात परत द्यायच्या होत्या. ती माझ्याशेजारी टेकली. प्रेमाने बोलली. कितवीत आहेस, ताई मारते का रे, ताई काय काय करते. मी सांगत गेलो. ताई पोहते. ताई झाडावर चढते. ताईला सात पाढे येतात उलटे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मी शेवटी ठेवली होती.

"आमची ताई पहिल्या धारेची प्याली होती. तोंड पण नाय वाकडं केलं."

आत्या हसली. माझ्या गालाला हात लावून आत गेली.

आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जमत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. खरं काय ते मध्यस्थाने बाबांना नाक्यावर सांगितलं. बाबा घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. मला बोलावलं, विचारलं. मी खरं तेच सांगितलं. त्यांनी मला मारलं नाही, आजीला बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या आईला आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं. आजी म्हणाली, "पोर मेली असती तर बरं झालं असतं काय?"

एक गोष्ट मात्र त्या दिवशी कोणी बोललं नाही. मुलगी बघायला आलेले चारही पुरुष संध्याकाळी बाबांबरोबर खळ्याच्या मागे बसले होते. बाटली त्याच मावशीची होती. काकानेच आणली होती. मुलाच्या वडिलांना उठताना हात द्यावा लागला होता. ते कोणाच्या घरी जाऊन कोणी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

रात्री ताई माझ्याजवळ येऊन निजली. मी रडत होतो. ती एवढंच म्हणाली, "तू खोटं थोडंच बोललास?" थोड्या वेळाने म्हणाली, "मलाच कशाला विचारलं पण?" तिला काय म्हणायचंय ते मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या भागात बातमी एसटीच्या आधी पोचते. 'त्यांची पोरगी घेते' एवढंच पुढे गेलं. ताप, पाऊस, अर्धा कप मागे राहिलं. पुढची दोन वर्षं स्थळं येत, पोहे खात, आणि पत्रिका जुळत नसे. आई मोहाचं झाड दिसलं तरी तोंड फिरवायची. आजीने वाडीत जाणं सोडलं नाही, पण जाताना पदराखाली काही नाही ना, हे लोकांना दिसेल असं हात मोकळे सोडून जायची.

म्हणून १९८८ साली ते स्थळ आलं तेव्हा घरात दिवाळी झाली. मुलगा मुरबाडच्या पुढचा, कारखान्यात कामाला. मध्यस्थाचं पहिलं वाक्य, "एकदम निर्व्यसनी. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही." मी पुन्हा सहा काळ्या नि चार केशरी आणल्या होत्या. त्याने काळीही घेतली नाही, केशरीही नाही. चहाही नको म्हणाला. "दूध चालेल," म्हणाला. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने म्हशीचं अख्खं भांडं त्याच्यापुढे ठेवलं, वर साखर. आमच्या घरात पेला बघून माणूस जोखायची जी रीत होती, तिच्यात हा शंभरपैकी शंभर गुण घेऊन पास झाला. कोणी दुसरं काही विचारलंच नाही. मला मात्र मागच्या दारी बसू दिलं नाही. काकाबरोबर शेतावर पाठवलं.

तो माणूस खरंच कधी प्यायला नाही. हे मी त्याच्या बाजूने सांगतो, कारण ते खरं आहे. तो मारायचा तो शुद्धीत. भाजीत मीठ कमी पडलं, शेजारणीशी बोलली, माहेरचं नाव काढलं, एवढ्यावरून. पिऊन मारणारा नवरा बाईने माहेरी सांगितला की माहेर निदान दारूला शिव्या देतं. ताईला तीही सोय नव्हती. पहिल्यांदा ती आली आणि आईला पाठ दाखवली, तेव्हा आईने विचारलं, "पितो काय?" ताई म्हणाली, "नाय." आई गप्प झाली. मग म्हणाली, "मग तुझं काही चुकलं असेल."

गावातल्या प्रत्येकाने हेच विचारलं. पीत नाही ना? बाहेरचा नाद नाही ना? पगार घरात देतो ना? मग तक्रार कसली? नवऱ्याचं सगळं चारित्र्य पेल्यात मोजायचं ठरल्यावर रिकामा पेला दाखवला की तो सुटतो. ताईचं चारित्र्यही पेल्यातच मोजलं होतं. तिचा अर्धा कप भरलेला निघाला होता. सासरीही तो पोचलाच होता. "तू तर दारू पिणाऱ्या घरातली," हे तिला मारताना ऐकावं लागायचं.

१९९४ च्या श्रावणात बाबा तिला आणायला गेले. कोणी निरोप दिला नव्हता. म्हसाच्या जत्रेला बैल बघायला गेले असताना कुठल्याशा ओळखीच्या माणसाने त्यांना काही सांगितलं होतं, ते त्यांनी सहा-सात महिने पोटात ठेवलं. मग एक दिवस सकाळी उठून सरळगावची गाडी पकडली. संध्याकाळी ताई आणि तिची वर्षाची मुलगी बाबांच्या मागे बांधावरून चालत येताना दिसली. बाबा त्या रात्री खळ्यामागे बसले नाहीत. पुढे त्यांनी सोडली असं मी म्हणणार नाही, अधूनमधून घेत राहिले. पण आमच्या घरातला पिणारा माणूस मुलीला घरी घेऊन आला आणि दूध पिणाऱ्याच्या घरातून घेऊन आला, एवढं मला विसरता येत नाही.

यावरून कोणी असं समजू नये की मी दारूची बाजू घेतोय. या तालुक्यात राहून ते कोणाला जमणार नाही. दिवाळी झाली की ठाकूरवाडीतली, कातकरवाडीतली घरं पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, आणि त्या उचलीतली किती दारूत गेली ते घरातल्या बाईला विचारावं. मोहाच्या जागी काळा गूळ आणि नवसागर आला, तेव्हा पिणाऱ्यांचे चेहरे सुजायला लागले. माझ्या बरोबरीची वाडीतली तीन पोरं चाळिशीच्या आत गेली.

ताई अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, बचत गटात गेली. गटातल्या बायकांनी ओढ्याकाठची नवसागराची भट्टी फोडली तेव्हा ती पुढे होती. वाडीतली मावशी तेव्हा थकली होती, पण जिवंत होती. तिने ताईला गाठून विचारलं, "बाय, माझं मडकं पण फोडशील काय गो?" ताईने तिला काय उत्तर दिलं ते ती सांगत नाही. मडकं फुटलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

गावातलं सरकारमान्य दुकान बंद करायचं असेल तर त्यासाठी मतदान मागता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. यादीतल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. ताई हे बायकांना समजावून सांगायची. ती म्हणायची, जी बाई वीटभट्टीवर गेली तिचं न पडलेलं मत आपोआप उभ्या बाटलीला जातं. बाटलीबद्दल बाईचं मत सरकार विचारतं ते एवढंच, बंद करायची की चालू ठेवायची. घरात तेवढंही कोणी विचारत नाही.

एरवी कायद्यात बाई-पुरुष असं काही नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे, प्यायला परवाना लागतो, बिअरला एकवीस वर्षं पूर्ण आणि कडक दारूला पंचवीस. परवाना बाईलाही तोच, पुरुषालाही तोच. भेद आहे तो आपल्या ओट्यावर. २०१७ च्या नोव्हेंबरात राज्याच्या एका मंत्र्याने साखर कारखान्याच्या कार्यक्रमात गमतीने सांगितलं होतं, दारूला बायकांची नावं द्या, खप वाढेल. ओरड झाली, त्यांनी माफी मागितली. ताईने ती बातमी अंगणवाडीत पेपर वाचताना मला दाखवली. म्हणाली, "म्हणजे बाईचं नाव बाटलीवर चालतं. बाटलीचं नाव बाईवर आलं की मोडतं."

भाची शिकली. शहापूरला कॉलेज, मग कल्याणला प्रयोगशाळेचा कोर्स, तिथेच नोकरी. रोज पहाटे आसनगावहून लोकल. आमचा तालुका तानसा, भातसा सगळी धरणं पोटात घेऊन मुंबईला पाणी पाजतो आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर येतो. लहानपणी भाचीने आजोळच्या विहिरीवरून तीन-तीन हंडे आणलेत. पाणी कोणी आणायचं हे ठरवताना कोणाला प्रश्न पडत नाही. ते पिणाऱ्यांत बाईने काय प्यावं, यावर मात्र पंचायत बसते.

२०१९ च्या फेब्रुवारीत एका स्थळावरून फोन आला. मुलगा ठाण्याला इंजिनिअर, मूळ आमच्याकडचाच. पद्धत आता बदललीय. आधी मुलामुलीने कल्याणला एका कॉफीच्या दुकानात भेटायचं, जमलं तर घरी. भाची जाऊन आली आणि हसत हसत आम्हाला सांगत होती. तिने कोरी कॉफी मागवली, बिनसाखरेची. त्याने चॉकलेटचं घट्ट दूध, वर आइस्क्रीम. पोऱ्या ट्रे घेऊन आला आणि न विचारता कोरी कॉफी त्याच्यापुढे, चॉकलेट हिच्यापुढे ठेवून गेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पेले बदलले. तो म्हणाला, "माझं नेहमी असंच होतं. मित्र पण चिडवतात." तिथून त्यांच्या गप्पा सुरू झाल्या.

मला एकदम सहा काळ्या, चार केशरी आठवल्या. १९७७ साली कोका-कोला देशातून गेली आणि पारल्याने थम्स अप काढलं. १९९३ ला कोका-कोला परत आली, पारल्याकडून ही पेयं विकत घेतली, आणि गोल्ड स्पॉट हळूहळू दुकानांतून दिसेनासं झालं. बायकांची म्हणून जी बाटली होती ती बाजारातून गेली. वाटणी मात्र कुठे गेली नव्हती. ती कल्याणच्या त्या पोऱ्याच्या ट्रेमध्ये होती.

ताई हसली नाही. तिने विचारलं, "दूध पितो?"

भाची म्हणाली, "आई, चॉकलेटचं असतं ते."

"दूधच ना?"

मला तिचं मन समजलं. ज्या मापाने तिला मोजलं, तेच माप नकळत तिच्याही हातात आलं होतं.

पुढच्या रविवारी ते घरी आले. आईवडील, काका, मावशी, मुलगा. पोहे मी केले. माझ्या हाताला चव आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. थंडा आणायला नाक्यावर गेलो, आता मोटारसायकलवर, नि प्लॅस्टिकच्या मोठ्या बाटल्या. दोन प्रकार आणले आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्ही काय घेणार? मुलाच्या आईने थम्स अप मागितलं. म्हणाली, मला पित्ताला बरं पडतं.

चहा झाल्यावर मुलाचा काका मला बाहेर घेऊन गेला. आंब्याखाली उभे राहिलो. इकडचं तिकडचं बोलून त्याने मोबाईल काढला. भाचीने मैत्रिणींबरोबर नाशिकला एका वायनरीत काढलेला फोटो. चौघीजणी, चौघींच्या हातात पेले.

"तसं काही नाही हो," तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण मामा म्हणून तुम्हाला माहीत असेल. पोरगी घेते बिते काय?"

तेहेतीस वर्षं गेली होती. मागचं दार तसंच होतं, फक्त बाटल्या मोजणारं पोर मोठं झालं होतं. माझी जीभ कोरडी पडली. नाही म्हणालो असतो तर खोटं आणि हो म्हणालो असतो तर पुन्हा तेच. मी काही न बोलता त्याच्या दंडाला धरून त्याला आत आणलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "हे विचारतायत, आमची भाची काही घेते का. ती इथेच बसलीय, तिलाच विचारा. आणि मुलगाही बसलाय, त्यालाही विचारू."

घरात शांतता झाली. काका गोरामोरा झाला. आई असती तर तिने मला धरून आत नेलं असतं. भाची म्हणाली, "वर्षातून दोन-तीनदा, मैत्रिणींबरोबर. बिअर नाहीतर वाईन. आईला माहीत आहे." मग तिने काकांकडे बघून विचारलं, "तुम्ही?"

काका म्हणाले, "आमचं काय..." आणि थांबले. त्यांच्या वहिनी, म्हणजे मुलाची आई, पदराआड हसल्या. मुलगा म्हणाला, "मी नाही घेत. मला चवच आवडत नाही. दोनदा बघितली घेऊन."

एवढा वेळ ताई दारात उभी होती. ती पुढे आली आणि पोराच्या समोर जमिनीवर बसली.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "तू काय पितोस ते पी. दूध पी, काही पी. तुला राग आला की तू काय करतोस?"

असला प्रश्न कोणत्याही बघण्यात मी ऐकला नव्हता. पोरगा गडबडला. आईकडे बघायला लागला, ताई म्हणाली, "तिच्याकडे नको बघू, तू सांग." तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "मी गप्प बसतो. दोन-दोन दिवस बोलत नाही. आई म्हणते त्याचाच जास्त त्रास होतो."

"होतो," त्याची आई म्हणाली.

ताईने मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि उठून आत गेली.

ते गेल्यावर दोन दिवस फोन नाही. ताई त्या दोन रात्री झोपली नसावी, कारण मी उठलो तेव्हा ओट्यावर तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, "ताई, मी पुन्हा बिघडवलं."

ती म्हणाली, "तेव्हा पण तू बिघडवलं नव्हतंस. आत्याला विचारायची सवय होती, तुला सांगायची. आपल्यातला एक माणूस तरी त्यांना उलट विचारता तर झालं असतं."

तिसऱ्या दिवशी फोन आला. वडिलधाऱ्यांना नव्हे, पोराने थेट भाचीला केला. काकाने खूप खळखळ केली होती म्हणे, आणि हा घरात दोन दिवस कोणाशी बोलत नव्हता. भाचीने फोन ठेवला आणि ताईला सांगितलं, "खरं बोलला होता. राग आला की खरंच गप्प बसतो."

लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात झालं. मांडवाच्या मागे पुरुषांची बैठक बसली, ती काही मला मोडता आली नाही. बायकांना मात्र कोणी बाटल्यांचा रंग ठरवून दिला नाही. वाडीतली मावशी त्याआधीच गेली होती, तिची सून आली होती. तिने ताईच्या हातात वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी ठेवली, मुलीच्या ओटीत घालायला. ताईने ती नाकाशी नेली, वास घेतला आणि सगळ्यांच्या देखत मुलीच्या ओटीत घातली.